प्लस अर्थच्या गाडीत स्टिरिओ बसवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी जुन्या गाड्यांच्या हौसेवर पानभर लेख आला होता. फोटो छान होते, माहितीही चांगली होती. आमच्या गॅरेजमध्ये तो कागद अजून भिंतीवर लावलेला आहे. पण त्याच पानावर खाली एक चौकट होती. जुन्या उघड्या टपाच्या गाडीत नवा स्टिरिओ कसा बसवायचा, याबद्दल. पिवळी वायर बॅटरीला, लाल वायर चावीला, काळी वायर बॉडीला, तासाभराचं काम, असं त्यात लिहिलं होतं. त्या चौकटीतली एक गोष्ट दुरुस्त करून छापावी, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गेली अडतीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, अँबॅसिडर, फियाट, जे समोर येईल ते. त्यातच अधूनमधून पन्नास-साठच्या दशकातल्या इंग्लिश गाड्या येतात. आमच्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की जुनी इंग्लिश गाडी आली की बॉनेट उघडून आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला गेलंय ते बघायचं, मग पक्कड हातात घ्यायची. कारण त्या काळच्या बहुतेक इंग्लिश गाड्यांत बॉडीला मायनस नाही, प्लस जोडलेला असतो. आम्ही त्याला प्लस अर्थ म्हणतो. आजच्या सगळ्या गाड्या मायनस अर्थ आहेत, आणि बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक स्टिरिओ मायनस अर्थसाठीच बनवलेला असतो. आपल्या चौकटीत याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

यामुळे काय होतं ते मी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं.

आमच्याकडे १९५५ची एक मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल येते. ८०३ सीसीचं इंजिन, पुढची काच मधोमध दुभागलेली, डॅशबोर्डाच्या मध्यात गोल स्पीडोमीटर आणि दोन्ही अंगांना उघडे कप्पे. वळताना बाजूच्या पत्र्यातून सिग्नलचे छोटे हात बाहेर येतात, ते बघायला रस्त्यावरची पोरं थांबतात. मालकांचे आजोबा डॉक्टर होते. गारगोटीच्या बाजूला खेड्यापाड्यांत व्हिजिटला ते याच गाडीतून जायचे. चावी फिरवली की बॉनेटखालचा पेट्रोलपंप टिक टिक टिक करतो आणि पेट्रोल भरलं की गप्प होतो. मालक म्हणतात, आजोबा व्हिजिटला निघाले हे घरात त्या टिकटिकीवरून कळायचं.

घरात लग्न होतं. नवरदेवाची वरात या गाडीतून काढायची आणि गाडीत गाणी वाजली पाहिजेत, असं पोरांचं ठरलं. मला फोन करायच्या गडबडीत कोणी पडलं नाही. एका दुकानातून स्टिरिओ घेतला, दुकानाचा मुलगा वाड्यावर येऊन बसवून गेला. मुलगा वाईट नव्हता. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीचा प्लस बॉडीला गेलेला पाहिला आणि त्याला वाटलं, कोणीतरी बॅटरी उलटी जोडलीय. त्याने ती 'सरळ' केली. दोन्ही टर्मिनल काढून अदलाबदल करून लावली. मग स्टिरिओ जोडला. इंजिन बंदच होतं. गाणं लागलं, अंगणात सगळे नाचले.

संध्याकाळी ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. सेल्फ नेहमीसारखा फिरला, कारण त्या सेल्फला प्लस-मायनसचा फरक पडत नाही, तो दोन्हीकडून एकाच दिशेने फिरतो. चोक ओढून त्याने थोडा रेस दिला. मिनिटभरात डॅशबोर्डाखालून आणि बॉनेटच्या फटीतून धूर आला. ड्रायव्हर साठीच्या पुढचा आहे. तो धावत पुढे गेला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीचं टर्मिनल हाताने उपटून काढलं. त्याच्या दोन बोटांना फोड आले. गाडीत नवरदेव अजून बसायचा होता, एवढी देवाची कृपा. वरात दुसऱ्या गाडीतून निघाली.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून माझ्याकडे आणली. बॉनेट उघडल्यावर मला सगळ्यात आधी दिसली ती पत्र्याची एक पट्टी. बॅटरीचा प्लसचा खुंट जाड असतो आणि मायनसचा थोडा बारीक. टर्मिनलची क्लॅम्पही तशीच, एक मोठी, एक लहान. अदलाबदल केल्यावर मोठी क्लॅम्प बारीक खुंटावर सैल बसली, म्हणून त्या मुलाने आत डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ती आवळली होती. लहान क्लॅम्प जाड खुंटावर बसेना, तिच्यावर हातोडीचे घाव दिसत होते. ती पट्टी चिमटीत धरून मी मालकांना दाखवली. जिच्यात ती घातली होती ती क्लॅम्प तरीही सैलच राहिली होती. ती ड्रायव्हरच्या हातात पटकन निघून आली, नाहीतर गाडी राहिली नसती. खुंटाला क्लॅम्प बसत नाही, ही त्या मुलाला बॅटरीने दिलेली सूचना होती. ती त्याला वाचता आली नाही, कारण त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता धूर का आला ते सांगतो. या गाडीत बॅटरी भरायला नव्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनामो आहे. डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं आणि त्याच्याच जोरावर तो करंट बनवायला सुरुवात करतो. बॅटरी उलटी केली म्हणून ते चुंबकत्व आपोआप उलटं होत नाही. डायनामो आपल्या जुन्या दिशेने, म्हणजे प्लस अर्थप्रमाणे, करंट बनवत राहतो. इंजिनाला रेस दिला की डायनामोचा व्होल्टेज चढतो, कटआऊटचे, म्हणजे कंट्रोल बॉक्समधल्या आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट मिटतात आणि डायनामो बॅटरीला जोडला जातो. एरवी तो बॅटरी भरतो. इथे मात्र बॅटरीचे बारा व्होल्ट आणि डायनामोचे बारा व्होल्ट एकमेकांच्या समोर न उभे राहता एकाच दिशेने जोर लावतात, आणि वाटेत अडवणारं काही नसतं. कटआऊटचे पॉइंट एकमेकांना चिकटून वेल्ड झाले होते. मी स्क्रू ड्रायव्हरने उचकटले तेव्हा सुटले. कटआऊटपासून सेल्फच्या स्विचकडे जाणाऱ्या तपकिरी वायरवरचं कापड जळून कोळसा झालं होतं. जळलेल्या सुताचा आणि रबराचा तो वास चार दिवस गॅरेजमधून गेला नाही.

आणि त्या तपकिरी वायरमध्ये फ्यूज नसतो. अख्ख्या गाडीत फ्यूज दोनच, ३५ अँपियरचे, काचेचे. तेही बॅटरीच्या मुख्य वायरवर नव्हे, पुढच्या फांद्यांवर. या गाड्यांचं विजेचं सामान लुकास या इंग्लिश कंपनीचं. लुकासच्या फ्यूजवरचा ३५ हा तो उडण्याचा आकडा असतो, सतत चालवायचा नव्हे. सतत म्हटलं तर निम्माच धरायचा. मुख्य वायर शॉर्ट झाली तर तिला वाचवायला काहीच नसतं. नव्या गाडीत काम करणाऱ्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण तसंच आहे.

त्या मुलाने बॅटरी उलटी केली नसती आणि आपल्या चौकटीतलं शब्दशः केलं असतं तर काय झालं असतं? काळी वायर बॉडीला, म्हणजे प्लसला. बाकीच्या वायरींत मायनस. स्टिरिओला करंट उलटा मिळाला असता. चांगला स्टिरिओ असेल तर फ्यूज उडतो, स्वस्तातला असेल तर आतलं सगळं जातं. मग एखादा हुशार माणूस म्हणतो, काळी वायर बॉडीला न लावता बॅटरीच्या मायनसला लावू आणि पिवळी-लाल बॉडीला. कागदावर बरोबर दिसतं. पण स्टिरिओचा पत्र्याचा डबा आतून काळ्या वायरलाच जोडलेला असतो, अँटेनाच्या वायरची बाहेरची जाळीही तशीच. डबा डॅशबोर्डाच्या पत्र्याला टेकला किंवा अँटेना फेंडरला लागली की मायनस थेट प्लसला. पहिल्या खड्ड्यात शॉर्ट.

वायरींच्या रंगांचाही असाच घोळ होतो. लुकासची रंगपद्धत आणि स्टिरिओच्या गुच्छाची रंगपद्धत यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गाडीत लाल वायर साईड लाईटची, स्टिरिओत चावीवरच्या करंटची. गाडीत हिरवी वायर आधी चावीतून आणि मग फ्यूजमधून आलेली, तिच्यावर वायपर आणि ब्रेक लाईट. स्टिरिओत तीच हिरवी मागच्या डाव्या स्पीकरची. गाडीत जांभळी बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली, हॉर्नची. स्टिरिओत जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. या मॉरिसमध्ये पिवळी वायर डायनामोची आहे आणि स्टिरिओत पिवळी कायम बॅटरीवर. रंगाला रंग जोडणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांचा दोष नाही, रंग सारखा दिसला की हात तिकडेच जातो. पण हिरव्याला हिरवी जोडली तर स्पीकरच्या टोकात बॅटरी जाते आणि स्टिरिओ संपतो.

स्पीकरचंही एक सांगायला हवं. जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर बॉडीला लावलेली चालायची. आताच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींत करंट असतो, कुठलीच अर्थची नसते. जुनी वायर तशीच ठेवून नवा स्टिरिओ लावला आणि एक टोक बॉडीला राहिलं, तर आतली आउटपुटची आयसी उडते. प्रत्येक स्पीकरला दोन वायरी स्टिरिओपासून वेगळ्या ओढाव्याच लागतात.

मग असल्या गाडीत स्टिरिओ बसवायचाच नाही का? बसवायचा, पण आधी ठरवायचं.

एक रस्ता म्हणजे गाडी नीट मायनस अर्थ करून घेणं. हे होतं, मी केलेलं आहे, पण ते फक्त बॅटरी फिरवण्याचं काम नाही. डायनामोच्या दोन्ही वायरी काढून, बॅटरी नव्या दिशेने जोडल्यावर, तिच्या जिवंत, म्हणजे बॉडीला न गेलेल्या, टोकावरून एक वायर डायनामोच्या एफ (फील्ड) टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवावी लागते. ठिणगी पडते आणि चुंबकत्व फिरतं. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलवरच्या दोन वायरींची अदलाबदल करावी लागते, नाहीतर प्लगला ठिणगी उलटी जाते आणि इंजिन जोरावर असताना मिस मारतं. अँपियर मीटर असेल तर त्याच्याही वायरी फिरवायच्या. आणि नवा पेट्रोलपंप टाकलेला असेल तर आधी त्यात डायोड, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग, आहे का ते बघायचं, कारण डायोडवाला पंप उलट्या करंटवर चालत नाही, जळतो. सगळं झाल्यावर बॅटरीशेजारी रंगाने ठळक लिहायचं, की ही गाडी आता मायनस अर्थ आहे. न लिहिलं तर पुढचा वायरमन पुन्हा फसणार.

या मॉरिसच्या मालकांना मी तो रस्ता सांगितला नाही. गाडी आजोबांनी घेतली तशी ठेवायची त्यांची इच्छा होती, आणि मला ती पटते. मी बॅटरी मूळ दिशेला लावली, नव्या क्लॅम्प टाकल्या, कंट्रोल बॉक्सचे पॉइंट साफ करून पुन्हा सेट केले, जळलेल्या वायरी त्याच रंगाच्या, त्याच जाडीच्या टाकल्या. डायनामोलाही पुन्हा एकदा जुन्या दिशेने झटका दिला, कारण एवढा करंट त्यातून गेल्यावर त्याचं चुंबकत्व कुठल्या बाजूला राहिलंय याची खात्री नव्हती. दुकानातल्या मुलाने डॅशबोर्डाखाली हिरवी वायर सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळली होती. सत्तर वर्षांच्या कापडी वायरीला असं वाकवलं की आतलं रबर चुऱ्यासारखं गळतं. ती वीतभर वायर कापून नवी जोडावी लागली.

आणि स्टिरिओ? तो वाचला होता, त्याचा १० अँपियरचा फ्यूज तेवढा उडाला होता. तो मी गाडीला जोडलाच नाही. आमच्या शेजारच्या सुताराकडून सागवानी फळीची एक पेटी करून घेतली. पुढे स्टिरिओ, दोन बाजूंना दोन स्पीकर, मागे ७ अँपियर-अवरची बंद बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती. वजन दोन-सव्वादोन किलो. बॅटरीच्या प्लसला लागून फ्यूज, एक स्विच, आणि पेटीतली एकही वायर गाडीच्या पत्र्याला लागत नाही. अँटेना म्हणून हातभर साधी वायर पेटीतच फिरवली. पेटी डॅशबोर्डाखाली दोन चामडी पट्ट्यांनी बांधली जाते. गाडीला एकही भोक पाडलं नाही. पेटी काढून घरात आणायची आणि रात्री चार्जिंगला लावायची.

मालकांना शंका होती, एवढ्याशा बॅटरीवर किती वाजणार. खोक्यावर 'चार गुणिले पन्नास वॅट' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. मी त्यांना स्टिरिओच्या पाठीमागचा फ्यूज दाखवला. दहा अँपियर. म्हणजे बारा व्होल्टवर ओढून ओढून सव्वाशे वॅट, मग दोनशे बाहेर येणार कुठून? छापलेला आकडा क्षणभराच्या जोराचा असतो. बसून ऐकण्याएवढ्या आवाजात स्टिरिओ दीड-दोन अँपियर खातो. तीन-साडेतीन तास आरामात वाजतो. मी मीटर लावून मोजलं आणि त्यांना दाखवलं.

हे गाडीच्या बॅटरीवर न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. त्या डायनामोची ताकद वीस अँपियरच्या आसपास, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. वरातीसारखं मुंगीच्या पावलांनी चालताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. दोन हेडलाईट सात अँपियर, त्यात कॉइल, पंप, टेललाईट. वरून स्टिरिओ आणि त्याच्यामागे अँप्लिफायर लावला, तर तासाभरात बॅटरी बसते आणि गाडी भर रस्त्यात ढकलावी लागते. शिवाय पिवळी वायर स्टिरिओची मेमरी जपण्यासाठी गाडी बंद असतानाही थोडा करंट ओढत राहते. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीची बॅटरी त्यात उतरते.

ज्यांची गाडी आधीच मायनस अर्थ झालेली आहे आणि ज्यांना स्टिरिओ गाडीवरच हवा आहे, त्यांनी निदान करंट बॅटरीपासून वेगळ्या वायरने, बॅटरीजवळच फ्यूज टाकून आणावा. मूळ वायरिंगला सोलू नये. आणि रेडिओ लावला की कुईं असा आवाज इंजिनाबरोबर चढतो, तो डायनामोचा. टकटक येते ती पंपाच्या पॉइंटची, करकर येते ती प्लगची. डायनामोच्या डी टर्मिनलला, म्हणजे जिथून करंट बाहेर येतो त्या टोकाला, आणि कॉइलच्या चावीकडच्या टोकाला एकेक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की बराच फरक पडतो. तो एफला कधीही लावू नये, डायनामोचा व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी तिथे अट आहे. नुसता स्टिरिओ हा त्या अटीतला मोठा फेरफार नव्हे, हे मला माहीत आहे. पण डॅशबोर्ड कापलेल्या, दारांना स्पीकरसाठी वाटीएवढी भोकं पाडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा पोटात तुटतं. तो पत्रा परत येत नाही. टप उघडा टाकून चाळीसच्या वर गाडी गेली की वाऱ्यापुढे तसंही काही ऐकू येत नाही. आवाज लागतो तो गाडी उभी असताना किंवा हळू चालताना, आणि त्याला पायाशी ठेवलेली पेटी पुरते.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या रविवारी त्याच जागेवर, तेवढीच चौकट छापा. तीत लिहा की १९७०च्या आधीची इंग्लिश गाडी असेल तर स्टिरिओची एकही वायर जोडण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते पाहा. जाड खुंट बॉडीला असेल तर काम थांबवा, बॅटरी फिरवू नका, आणि डायनामोचं काम येणाऱ्या माणसाला बोलवा. आपलं वर्तमानपत्र ज्या घरात जातं त्यातल्या बऱ्याच घरांच्या अंगणात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी असते. दुकानातून येणाऱ्या पोरांनाही ही चौकट दिसेल. आयटीआयमधून शिकून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी प्लस अर्थ हा शब्दच ऐकलेला नसतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तो पहिल्या दिवशी शिकवतो. कोल्हापुरात कोणाला शंका असेल तर त्यांनी गाडी आणावी, मीटर लावून बघायचे मी पैसे घेत नाही.

मॉरिस आता परत वाड्यावर आहे. ड्रायव्हरची बोटं बरी झाली. परवा संध्याकाळी मालक पेटी बांधून रंकाळ्यावर घेऊन आले होते. त्यांनी चावी फिरवली, पंप टिकटिकला, गप्प झाला, मग त्यांनी पेटीचा स्विच दाबला आणि आकाशवाणी लागली.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर